एक बोट वाढीव

डब्याच्या खाली हाताला जे लागलं ते मऊ होतं. आधी वाटलं, केळ्याची साल राहिली असेल. गुरुवार होता, सव्वासहा वाजले होते, राजनंदिनी मोरीत पाय धूत होती आणि मी तिच्या पिशवीतून डबा काढत होते. हाताला लागलेलं मी बाहेर काढलं. चामड्याचा पट्टा. एका टोकाला बोटं घालायची दोन भोकं, दुसऱ्या टोकाला मनगटाभोवती आवळायचं बक्कल, आणि भोकांच्या जरा खाली चामड्याच्या घडीत शिवून टाकलेलं पेन्सिलीएवढं गोल काहीतरी. दुसरा पट्टा रुमालात गुंडाळलेला होता. जिम्नॅस्टिक्सच्या मोठ्या मुली बारवर चढण्याआधी तळहातावर बांधतात त्या ग्रिप्स. राजनंदिनी नऊ वर्षांची आहे. तिला अजून ग्रिप्स द्यायच्या नाहीत, असं तिच्या सरांनी जूनमध्ये मला समोर बसवून सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. या ग्रिप्स मी आणलेल्या नव्हत्या.

"मम्मी, डबा मी काढते ना," मोरीतून आवाज आला. नळ त्याच्या आधीच बंद झाला होता. म्हणजे तिने आधी नळ बंद केला, कान दिला, आणि मग बोलली. पट्टे होते तसे ठेवून मी डबा ओट्यावर ठेवला. ती हात पुसत आली, पिशवीकडे पाहिलं नाही. इतकं काटेकोरपणे पाहिलं नाही की त्यानेच मला कळलं.

"हात दाखव," मी म्हणाले. हे रोजचंच होतं. तिने दोन्ही तळवे वर केले. घट्टे होते, बोटांच्या मुळाशी चार चार, पिवळसर. फोड नव्हता, सोललेलं नव्हतं. मी वहीत तारीख टाकून लिहिलं, उजवा कोरडा, डावा कोरडा. मागची पानं उलटली. चौदा दिवस हेच शब्द होते.

ही वही जुलैपासूनची. एका सकाळी तिच्या उशीच्या अभ्र्यावर तांबूस डाग दिसला आणि मी तिची मूठ उघडली, तर तळव्याच्या मधोमध रुपयाएवढं कातडं सोलून लोंबत होतं. ती रडली नव्हती, मला सांगितलंही नव्हतं. मला रक्तापेक्षा त्या न सांगण्याचा राग आला. "पुन्हा रक्त दिसलं तर बार बंद," मी म्हणाले. "जमिनीवरचं कर, बीमवरचं कर. बार बंद." आणि त्या दिवशी आलेखाच्या कागदावर तिचे दोन्ही हात ठेवून पेन्सिलीने कडा काढल्या, मधल्या बोटाच्या टोकापासून तळव्याच्या बुडापर्यंत मोजलं, एकशे अडतीस मिलिमीटर, आणि तो कागद वहीत चिकटवला. का मोजलं, हे तेव्हा सांगता आलं नसतं. मोजलं की मला बरं वाटतं. पुढे मेण आणि तूप एकास तीन या प्रमाणात वितळवून मी तिच्यासाठी मलम केलं, रोज लावलं, आणि ऑगस्टच्या शेवटी जेव्हा फोड येणं थांबलं तेव्हा त्याचं श्रेय मनातल्या मनात मलमाला देऊन टाकलं. ऑफिसात एकदोघींना सांगितलंसुद्धा. आता त्या चौदा ओळींकडे बघताना मला आमच्याकडे येणारी माती आठवली. मी बीडला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. एकदा आष्टीकडचे एक गृहस्थ पिशवीभर काळीभोर माती घेऊन आले. एवढा सेंद्रिय कर्ब त्या पट्ट्यात कधीच निघत नाही. मी विचारलं, कुठून काढली? ते म्हणाले, "गोठ्यामागून, बाई. रिपोर्ट चांगला आला पायजे ना." त्यांना फसवायचं नव्हतं. परीक्षेला जाताना माणूस चांगला सदरा घालतो तशी त्यांनी चांगली माती आणली होती. तेव्हापासून चांगला निकाल दिसला की मला आधी विचारावंसं वाटतं, नमुना कुणी खणला.

ती गच्चीवर गेल्यावर मी पट्टे पुन्हा काढले. माझी माय आतल्या खोलीत गुडघ्यांना शेक देत पडली होती. आलेखाच्या कागदावर, राजनंदिनीच्या हाताच्या आकृतीवर पट्टा ठेवला. बोटं जुळवली, मनगट जुळवलं, तरी मधे चामडं पुलासारखं उभं राहिलं. माझा बी.एस्सी.पासूनचा व्हर्निअर, बारीक माप घ्यायचा, कपाटात असतो. पट्टा अठरा मिलिमीटरने लांब होता. दुसराही अठरा. चूक असती तर दोन्हींत वेगवेगळी असती. हे कुणीतरी ठरवून केलं होतं. शिलाई हाताची, टाके सारखे. वासही होता, करडीच्या तेलाचा, आणि त्याखाली आणखी एक जुना, खारट, ज्याचं नाव जिभेवर येऊन थांबलं. पण हे सगळं मागे पडलं, कारण चामडं उलटं केलं तेव्हा आतल्या बाजूला तांबूस धूळ होती. मी ती बोटाने पुसली, खिडकीशी नेली. गंज. तिच्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमधल्या बारला गंज नाही. त्याला घासूनपुसून ठेवतात, आणि मुलींचे हात, कपडे, पिशव्या सगळं पांढऱ्या चॉकने माखलेलं असतं. इथे पांढरं काहीच नव्हतं. म्हणजे राजनंदिनी या ग्रिप्स घालून ज्या बारला लोंबकळत होती, तो बार हॉलमधला नव्हता. कुठला तरी दुसरा होता, लोखंडी, उघड्यावरचा, आणि तिथे तिला कुणीतरी नेत होतं.

त्या 'कुणीतरी'च्या जागी चेहरा यायला वेळ लागला नाही. अजिनाथ सर तीस-बत्तीसचे, अविवाहित, आष्टीचे, जुन्या जिनिंगच्या गोदामात हॉल चालवतात. स्वतः कधीकाळी राज्य पातळीला खेळलेले. मुली बारवर फिरताना ते खाली उभे राहून एक हात त्यांच्या पाठीला आणि एक मांडीला लावतात. तसं लावावंच लागतं, नाहीतर मूल मानेवर पडेल. पहिले तीन आठवडे मी रजा टाकून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तो हात पाहिला होता. हातात वावगं काही नव्हतं. मी रोज घरी येताना स्वतःला तेच सांगायची, वावगं काही नव्हतं, आणि ते रोज सांगावं लागायचं. जूनमध्ये ते म्हणाले होते, "ताई, पुण्याच्या पोरी सातव्या वर्षी घालतात, आमच्या पोरीला कावून न्हाई, असं कुणी म्हणलं तर ऐकू नका. आधी हाताला बार कळू द्या. पट्टी आली की हात आळशी होतो. वयाचं काय न्हाई त्यात. बारभोवती पूर्ण गरका फिरायला लागली, पकडीत दम आला, की मीच माप घेईन आन् मीच मागवीन." मला ते पटलं होतं. मी नंतर वाचलंही, जे मिळालं ते, आणि त्यातही वयापेक्षा ताकद आणि हाताचं माप हेच होतं. इतकं पटणारं बोलणारा माणूस, मी आता विचार करत होते, मागून दुसरंच करत असला तर? रविवारी ते विभागाच्या स्पर्धेसाठी तीन मुली निवडणार होते. ज्या मुलीचा पूर्ण गरका होईल ती जाणार, असं सगळ्या पालकांना माहीत होतं. कुणाला तरी तिचा गरका लवकर हवा होता. की आणखी काही हवं होतं, आणि ग्रिप्स हे त्याचं आमिष होतं? नऊ वर्षांच्या मुलीला आईपासून लपवायची वस्तू देणारा माणूस वस्तू देत नसतो, लपवायची सवय देत असतो. हे वाक्य माझ्या मनात इतकं नेटकं तयार झालं की ते खरं असणारच, असं मला वाटलं.

अभिमन्यूला, माझ्या नवऱ्याला, फोन केला. तो माजलगावला पाटबंधारे खात्यात आहे, रविवारी येतो. "नंदूसाठी काही मागवलं होतंस का?"

"कावून? तिनं काही मागितलं का?"

"नाही. असंच."

"तुझं असंच मला म्हाईत हाय," तो हसला. "कुणावर संशय धरलाय आता?"

मी फोन ठेवला. मायला विचारावं असं मनात आलं नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेल्यावर माय वडवणीकडचं गाव सोडून आमच्याकडे आली. दुपारी चारला ती नातीला हॉलवर पोचवते, पाचला आणायला जाते. तेवढंच तिचं चालणं. मी घरी येईपर्यंत दोघी आलेल्या असतात. मायच्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नाही. गोधडीला टाके घालायचे तर राजनंदिनी दोरा ओवून देते, मागच्या आठवड्यातच दोघी तसं करत बसलेल्या मी पाहिल्या होत्या. माय बिचारी काय सांगणार, मला वाटलं. तिला पुढे करून तिच्या पाठीमागे सगळं चाललं असेल.

शुक्रवार मी गप्प राहून काढला. संशय आला की मी प्रश्न विचारत नाही. प्रश्नाने समोरचा सावध होतो. ऑफिसात मातीचे ढीग चारात वाटून समोरासमोरचे दोन टाकून देताना, उरलेले पुन्हा चारात वाटताना, मला सारखं वाटत राहिलं की राजनंदिनीच्या दिवसाचे असेच भाग पडलेत आणि माझ्या वाट्याला येतो तो नेहमी टाकून द्यायचा भाग. सकाळी शाळा, दुपारी झोप, चार ते पाच हॉल. पाच ते सहा? पाच ते सहा ती मायबरोबर रस्त्यात असते. पंधरा मिनिटांचा रस्ता. मी तो हिशेब लावला, मग मायचे गुडघे आठवले, आणि पंधराचे पंचेचाळीस करून टाकले.

शनिवारी सुट्टी होती. "आज मी नेते," म्हणाले. मायने एकदा राजनंदिनीकडे पाहिलं. पट्टे मी माझ्या पर्समध्ये आधीच काढून ठेवले होते, व्हर्निअरही. हॉलमध्ये पोचल्यावर राजनंदिनीने पिशवी उघडली, आत पाहिलं, बंद केली, आणि पळायला गेली. शिवकन्या भिंतीशी बसून मनगटावर पट्ट्या चढवत होती. ती चौदाची, हॉलमधली सगळ्यात पुढची. तिच्या ग्रिप्स विकतच्या, काळ्या.

"शिवकन्या, हात बघू तुझा."

तिने हात पुढे केला आणि व्हर्निअर बघून मागे घेतला. "मावशी, बांगड्या आणायच्या का मला? काचेच्या नका आणू, बारवर टिकायच्या न्हाईत." बाकीच्या मुली खिदळल्या, तिने हात पुन्हा पुढे केला. एकशे पासष्ट मिलिमीटर. पट्टे तिला नऊने कमी पडत होते. मग मी बाकीच्या मुलींचे हात नजरेने घेत गेले. माझ्या मुलीला मोठे, तिला लहान, आणि मधल्या मापाचा हात हॉलमध्ये एकही नव्हता. म्हणजे हे कुणाचे जुने नव्हते. न असलेल्या हातासाठी केलेले होते.

सर हातावरचा चॉक झटकत आले. मी पट्टे त्यांच्या समोर धरले.

"ह्ये कुटनं आलं?" ते म्हणाले.

"तेच मी विचारतेय, सर."

त्यांनी पट्टा घेतला, उलटापालटा केला, बक्कल ओढून पाहिलं. "शिवलंय झकास. मोच्याचं काम न्हाई हे. घरचं हाय." मग तो आपल्या बोटांत घातला, जवळच्या खालच्या बारला पकड घेतली आणि मनगट हळूच फिरवलं. वाढीव चामडं बारभोवती गेलं, स्वतःवरच चढलं आणि आवळलं. त्यांनी हात ओढला. हात सुटला नाही. "बघितलं का? लांब पट्टी अशी स्वतःलाच धरती. पोरगी वरून जोरात येती, पट्टी इथं अडकती, मनगट इथंच राहतं, आन् पोरगी फिरत पुढं जाती. माझ्यासंगच्या एका पोराचं झालतं. आवाज आलता, ताई. उसाची कांडी मोडल्यावानी." मला कोपर ते मनगट अशी दोन हाडं दिसली, शाळेतल्या सांगाड्यासारखी, पिवळी. बावीस किलोचं शरीर, हात लांब केलेले, वरून खाली. आकडे आपोआप मांडले गेले आणि मी ते पुसू शकले नाही.

"तुम्ही नाही दिले?"

"मी?"

"सर, तुम्ही तिला दुसरीकडे कुठे नेता का? हॉल सोडून?"

मी हे मोठ्याने विचारलं नव्हतं. पण हॉलच्या पत्र्याखाली हळू बोललेलंही लांब जातं. खुर्च्यांवरच्या दोन बाया बोलायच्या थांबल्या. शिवकन्याने पट्टी आवळणं थांबवलं. राजनंदिनी समोर येऊन उभी होती, सरांच्या हातातल्या पट्ट्यांकडे बघत.

"नंदू, मम्मीला सांग," सर म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "मी नेलतं का तुला कुठं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ते चार-पाच सेकंद असतील. त्या सेकंदांत दोन बायांच्या चेहऱ्यावर माझंच नेटकं वाक्य उमटताना मला दिसलं, आणि मी ते थांबवलं नाही. मला उत्तर हवं होतं. "मला सापडल्या," ती शेवटी म्हणाली.

सरांनी पट्टे माझ्या हातात परत दिले. "उद्या ह्या आणू नका. आन् उद्या तुमी बी आत येऊ नका, ताई. बाहेर बसा. मला तुमच्या समोर पोरीला हात लावायचा न्हाई." ते वळले आणि उरलेला अर्धा तास त्यांनी एकाही मुलीला आधार दिला नाही. सगळ्यांना जमिनीवरचे व्यायाम दिले. बार रिकामा राहिला. फक्त राजनंदिनी, न विचारता, उडी मारून त्याला लटकली आणि उघड्या हातांनी झोके घेत राहिली, पुन्हा पुन्हा, सर "उतर" म्हणेपर्यंत.

परत येताना, नगरपालिकेच्या बागेपाशी ती रस्त्याच्या पलीकडच्या दुकानांकडे बघू लागली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, बंद शटर होतं. बागेच्या फाटकात स्टुलावर बसलेला वॉचमन ओरडला, "काय गं नंदे, आज तुमच्या सर्कशीला सुट्टी का? आन् म्हातारी कुठंय?" मग त्याला मी दिसले आणि त्याने स्टूल जरा मागे सरकवला.

मी आत गेले. झोपाळ्यांच्या मागे वाळूचा चौकोन होता आणि त्यात व्यायामाचा लोखंडी बार, पुरुषभर उंचीचा. मी खांबावर बोट फिरवलं. तांबूस. खाली एक विटांची पायरी रचलेली होती, लहान मुलीला चढायला, आणि पलीकडे सिमेंटच्या बाकड्यावर कुणीतरी पोत्याची घडी करून ठेवली होती, म्हातारीला बसायला. खाली गादी नव्हती. वाळू मी चपलेने उकरली. बोटभर खोलीवर मुरूम लागला.

"इथे गरका घेतलास?"

"पूर्ण नाही होत," ती म्हणाली. "वर जाऊन थांबते. आजी म्हणते, आज नको, आज नको. उद्या घेणार होते, पहाटे, हॉलला जायच्या आधी."

माय ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी पट्टे तिच्यासमोर फरशीवर ठेवले आणि खाली बसले. बसल्यामुळे माझी नजर चामड्याच्या पातळीला आली आणि मनगटाकडच्या टोकाची घडी मला पहिल्यांदा दिसली. गुरुवारी मी ती मोजली होती, पाहिली नव्हती. चामडं आत दोनदा दुमडून, वरून तिरपा टाका, प्रत्येक चौथ्या टाक्याला गाठ, उसवायचं झालं तर एका ओढीत उसवेल असा. माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टला हाच टाका होता. दसरा झाला की माय आणि दादा, माझे वडील, टायरगाडी जुंपून ऊसतोडीला जायचे, मी आत्याकडे राहायची. जायच्या आदल्या दिवशी माय स्कर्ट शिवायची, माझ्या मापाचा कधीच नाही, एक बोट, दोन बोटं वाढीव, खाली दुमडून. "मी येईस्तोवर वाढशील." चैत्रात परत आली की दुमड सोडायची, आणि तिथे न विटलेल्या कापडाची गडद रेघ उरायची. वर्गातल्या मुली रेघा मोजायच्या. मी पण मोजायची. मुली स्कर्ट किती जुना ते मोजत, मी माय किती वेळा गेली ते. तेलाखालचा तो खारट वासही आता नाव घेऊन आला. बैलांच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा. जोडी विकली तेव्हा मायने तेवढा ठेवून घेतला होता.

"तू शिवलंस," मी म्हणाले.

"मग कोण शिवणार? तुझं मलम?" मायने शेंग फोडली. "लेकराचा हात पार सोलून निघाला व्हता. तुला दाखवीना. म्हणली, मम्मी बंद करंल. मी काय करू? आमी उसात हाताला चिंध्या बांधायचो, जितकं जाड, जितकं ऐसपैस, तितका हात वाचायचा. त्या शिवकन्येचं बघितलं आन् तसं केलं. दोरा हिनंच ओवून दिला. हॉलमधी सर बांधू देणार न्हाईत, म्हणून तिथं हात राखती आन् झोकं बागंत घेती."

"एवढं लांब का?"

माझ्या प्रश्नाचं तिला नवल वाटलं. "वाढतं अंग हाय तिचं. मापाचं शिवलं तर साल दोन सालात आखूड व्हईल. एक बोट जादा धरलं." तिने उजव्या हाताचं मधलं बोट पट्ट्यावर आडवं ठेवून दाखवलं. मी व्हर्निअर काढला नाही. तिचं ते बोट, कोयत्याने जाड झालेलं, मला डोळ्यांनीच मोजता येत होतं.

मग मी लाटणं आणलं. पट्टा मायच्याच हातात घातला, लाटण्याला तिची पकड घ्यायला लावली आणि मनगट फिरवलं. चामडं गेलं, चढलं, आवळलं. तिने हात ओढला. पुन्हा ओढला. सर म्हणाले होते ते सगळं मी सांगितलं, शांतपणे, हाडांची नावं न घेता. उसाच्या कांडीचं सांगायचं नव्हतं, पण ते तोंडातून गेलं. मायने तो आवाज आयुष्यभर ऐकलेला होता. तिने हळूच बोटं सोडवून घेतली, हात लुगड्याला पुसला, जसं काही त्याला काही लागलं होतं. "बाई गं," ती म्हणाली. मग पट्टा सरळ करत म्हणाली, "एक बोट कापून देऊ का?"

"आत्ता नको. तिला लागतील तेव्हा शीव. माप मी देईन."

"तवा मी आसंन का? म्हणून तर वाढीव शिवतं मानूस."

राजनंदिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मुठी पाठीमागे. आज तिच्याकडे पट्टे नव्हते आणि ती अर्धा तास उघड्या हातांनी बारला लटकलेली होती, हे मला तेव्हा जोडून पाहता आलं.

"हात दाखव," हे तोंडाशी आलं होतं. मी ते बोलले नाही. तिनेच मुठी पुढे आणल्या, उघडल्या नाहीत. "मम्मी," ती म्हणाली, "आता बंद का?"

माय शेंगा फोडायची थांबली होती. या घरात दोघीजणी दोन आठवडे रोज तासभर माझ्यापासून लपत होत्या. एकीने दोरा ओवला, दुसरीने शिवलं, वाळूत विटा रचल्या. आणि मी त्या तासाच्या जागी एका माणसाला उभं करून त्याला चार लोकांत विचारलं होतं. नमुना कुणी खणला हे मला कळलं होतं. माती अशी यायला मी काय केलं होतं, तेही कळलं होतं.

"उद्या तू उघड्या हातांनी जा," मी म्हणाले. "तुझ्या आधी मला सरांशी बोलायचंय. त्या दोघी बायांसमोर. मग मी बाहेर बसेन." ती हलली नाही. हे उत्तर तिच्या प्रश्नाचं नव्हतं. मी कपाटावरची वही काढली, आजचं पान उघडलं आणि तिच्यासमोर धरली. "बागेतलं बंद. बार बंद नाही. हे घे, आज तू लिही."

तिने मुठी उघडल्या. मी वहीकडे बघत राहिले, पण डोळ्यांच्या कडेला लाल दिसलं, उजव्यात जास्त. ती बराच वेळ स्वतःच्या तळव्यांकडे बघत होती, मग पर्समधून डोकावणाऱ्या व्हर्निअरकडे, मग आजीकडे. पेन्सिल बोटांच्या टोकांत धरून तिने तारीख टाकली. उजवा, तिने लिहिलं, आणि पुढे, 'थोडं'. डावा, 'थोडं'.

थोडं हे माप नाही. असा शब्द लिहिलेला नमुना आला तर मी तो परत पाठवते. कागदाच्या कोपऱ्याला तिच्या अंगठ्याचा ओला ठसा उमटला होता आणि तो थोडा नव्हता. व्हर्निअर हाताच्या अंतरावर होता. मी वही मिटली आणि मेण-तुपाची वाटी गॅसवर ठेवायला उठले.